घार, विमान आणि खरें नाणें

पश्चिमेचा वारा कात्रजच्या डोंगराला अडून वर चढूं लागला, कीं घाटावर घारी पंख न हालवितां तरंगूं लागतात. निवृत्तीनंतरच्या फिरण्यांत हा देखावा मीं पुष्कळदां पाहिला आहे. विमानविद्येचीं मूलतत्त्वें ह्या पक्ष्यापासून शिकतां येतील.

उडत्या विमानावर चार बलें कार्य करितात. भार त्याला खालीं ओढतो. पंख हवेला खालीं लोटतात आणि तिच्या प्रतिक्रियेनें स्वतः उचलले जातात. एंजिन पुढें रेटतें. हवेचा विरोध मागें खेंचतो. चौघांचा मेळ बसला म्हणजे विमान समगतीनें सरळ जातें. परंतु भार व उचल हीं एका रेषेंत नसलीं, तर जड पारड्याप्रमाणें विमानाचें नाक कलतें. तो तोल शेपटी सांवरते. घार शेपटी पिळून वळते. राइट बंधूंनीं १९०३ सालीं पंखांनाच पीळ देऊन तोल साधला. आज तें काम पंखांच्या व शेपटीच्या हलत्या पट्ट्या करितात.

आमच्या घरांतील मुलें विचारतात, "आजोबा, विमानें प्रथम आपल्याच ऋषींनीं केलीं ना?" प्रमाण म्हणून भरद्वाजांच्या नांवावरील 'वैमानिकशास्त्र' पुढें येतें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं तो ग्रंथ तपासला. त्याची भाषा वैदिक नसून अर्वाचीन संस्कृत आहे, तो विसाव्या शतकाच्या आरंभीं रचला गेला व त्यांतील एकहि विमान उडूं शकणार नाहीं, असा त्यांनीं निर्णय दिला. वर सांगितलेला बलांचा मेळ त्या आकृतींत बसत नाहीं. आणि बलें कोणाच्या नांवाची भीड धरीत नाहींत.

संस्कृताचा अभिमानी म्हणून मला ह्यांत कमीपणा वाटत नाहीं. पृथ्वी आकाशांतील जड वस्तूला स्वशक्तीनें आपणाकडे ओढते, हें भास्कराचार्यांनीं ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त स्पष्ट लिहिलें आहे. चार बलांपैकीं भाराचा विचार तेथें सांपडतो. उरलेल्या तिहींचें श्रेय ज्यांचें त्यांस द्यावें. म्हणून मुलांना मी इतकेंच सांगतों, कीं आपल्या घरच्या पेटींत खरीं नाणीं पुष्कळ आहेत. त्यांत एक खोटें मिसळलें, तर पारखी खऱ्यांकडेहि संशयानें पाहील.