दिवसा न दिसणारी लाईट

दिवाळीत रनाळ्याला घरी गेलो तेव्हा आईने सांगितलं, की जीपच्या डॅशबोर्डवर बॅटरीचं चित्र असलेली लाल लाईट दोन महिन्यांपासून लागतेय आणि तेव्हापासून आप्पा रात्री गाडी काढत नाहीत.

शहरात हे ऐकून कुणी म्हणेल, मग कॅब करा. आमच्या गल्लीत रात्री कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर १०८ला फोन होतो आणि त्याच वेळी आमचं दारही वाजतं. पावसाळ्यात मळ्यातल्या वस्तीवरून माणूस बाहेर काढायचा असेल, तर काळ्या मातीच्या गाऱ्यात फोर बाय फोर गाडीच लागते. आप्पांची जीप १९९८ची, सेकंडहँड घेतलेली. गणपतीत एका रात्री शेजारचा पोरगा त्याच्या वडिलांसाठी गाडी मागायला आला. आप्पा म्हणाले, "लाईट लागी ऱ्हायनी रे, वाटमा बंद पडनी तं?" त्याला दुसरी गाडी मिळाली, वडीलही वाचले. पण आई हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. नवी गाडी असती तर स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावून एरर कोड वाचला असता. या जीपला पोर्ट नाही, कॉम्प्युटरही नाही. लाईट का लागली हे सांगणारं गाडीत कुणीच नाही, फक्त वायरी आहेत.

पण ही लाईट फार हुशारीने जोडलेली असते. बल्बचं एक टोक किल्लीतून येणाऱ्या बॅटरीच्या करंटला आणि दुसरं अल्टरनेटरला, म्हणजे गावाकडच्या भाषेत डायनमोला. किल्ली फिरवली की बल्बमधून थोडा करंट डायनमोच्या कॉईलमध्ये जातो आणि तिथे चुंबकत्व तयार होतं. इंजिन सुरू झालं की डायनमो स्वतः वीज बनवू लागतो. मग बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, करंटला जायला कारण उरत नाही आणि लाईट विझते. बेल्ट तुटला किंवा डायनमो गेला, की एका टोकाचं व्होल्टेज पडतं आणि लाईट भक्क लागते.

म्हणजे ही लाईट नुसती बघ्याची नाही, डायनमोला जागं करायचं कामही तिचंच. गॅरेजवाल्याने आप्पांना सुचवलं होतं, "त्रास होतो तर बल्बच काढून टाकू." बऱ्याच जुन्या गाड्यांत असा बल्ब काढला, की डायनमो चार्जिंग सुरूच करत नाही, निदान इंजिन जोरात रेस करेपर्यंत तरी. (आमच्या ऑफिसातही अलर्ट म्यूट करून जेवायला जाणारे लोक आहेत. सगळीकडे सारखंच.)

गॅरेजमध्ये डायनमोचे कार्बन ब्रश बदलून झाले होते. लाईट तशीच. आता नवा डायनमो टाका, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कॉलेजच्या वेळचा मल्टिमीटर शोधून काढला.

आधी आप्पांना विचारलं, लाईट नेमकी कधी लागते. ते म्हणाले, रात्री, हेडलाईट लावल्यावर. आणि पूर्ण नाही, काजव्यासारखी मंद. दिवसा? "दिवसा नही लागस." या एका उत्तरात अर्धं काम झालं.

बॅटरीवर मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१, हेडलाईट, वायपर आणि हीटरचा फॅन लावून १३.९. याचा अर्थ डायनमो ठणठणीत होता. बिचाऱ्याला उगाच निवृत्त करायला निघाले होते. मग मीटरची एक वायर बॅटरीवर ठेवून दुसरी डॅशबोर्डखालच्या फ्यूजबॉक्सवर टेकवली. दोन्हींमध्ये २.१ व्होल्टचा फरक. तिथे फार तर काही दशांश व्होल्ट दिसायला हवेत. बल्बच्या एका बाजूला १३.९ आणि दुसऱ्या बाजूला ११.८. डायनमोकडून करंट उलटा बल्बमधून येत होता, म्हणून तो मंद पेटत होता. दिवसा भार कमी, म्हणून फरक कमी, म्हणून काजवा दिसत नव्हता.

वायर हाताने चाचपत गेलो. क्लच पेडलच्या वर एक कपलर होता. बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. उघडला तर प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळायला आलेलं, आतली पिन हिरवी पडलेली. हिशेब सोपा आहे. साधारण १५ अँपिअर करंट आणि २ व्होल्टचा फरक, म्हणजे ३० वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचं असतं. आप्पांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, डिझेलच्या गाडीत, दोन महिने सोल्डरिंग आयर्न चालू होतं.

जळका भाग कापला, नवे थिंबल आणि नवा कपलर बसवला. खर्च दोनशेच्या आत. रात्री सगळा भार टाकून पाहिलं, डॅशबोर्ड काळाकुट्ट.

आप्पांना म्हटलं, चला, दोंडाईचा रोडला चक्कर मारून येऊ. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि डावीकडे जाऊन बसले. मला बरं वाटलं, पोराच्या कामाची ट्रायल पोरानेच घ्यावी असं त्यांच्या मनात असेल. पुढे समोरून ट्रक आला तसा त्यांनी हात डोळ्यांवर आडवा धरला. दुसऱ्या ट्रकला पण तसंच. तिसऱ्याला मी विचारलं.

"समोरनी लाईट फुटीसन पसरी जास," ते म्हणाले. थोडं थांबून, "उन्हायापासून."

मी काही बोललो नाही. नंतर नंदुरबारला डोळे तपासले. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवीकडे जास्त. बुबुळामागचं भिंग गढूळ झालं की प्रकाश आत विखुरतो आणि रात्री समोरच्या गाडीभोवती खळं दिसतं. दिवसा माणूस आरामात चालवतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तीस वर्षं हाक मारली की निघणाऱ्या माणसाला "मला दिसत नाही" म्हणणं जड गेलं असणार. "गाडीची लाईट लागली" हे म्हणता येत होतं. नव्या डायनमोला ते दोन महिने टाळत का होते, तेही मला तेव्हाच समजलं. आणि ते कारण मी दोनशे रुपयांत काढून घेतलं होतं.

ऑपरेशनची तारीख मिरचीची तोडणी उरकल्यावरची घेतलीय, हट्ट त्यांचाच. मी पुण्याला परत आलोय. तोवर रात्रीची किल्ली शेजारच्या त्या पोराकडे आहे. त्याच्याकडे लायसन्स आहे, पिकअप चालवतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर बघितलं, आप्पा त्याला फोर बाय फोरचा लिव्हर कधी ओढायचा ते दाखवत होते. मग बॉनेट उघडलं. एकाच बेल्टवर डायनमो आणि पाण्याचा पंप, आणि डायनमोच्या पाठीवरच ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप. बेल्ट तुटला तर डिझेल इंजिन बंद पडत नाही, पण ते तापतं आणि ब्रेक दगडासारखा होतो.

"लाल लाईट भक्क लागनी का गाडी बाजूले लाव," आप्पा त्याला सांगत होते, "आनि आधी बेल्ट देख."