घाटमाथ्यावरचा खुर्दा

आंबोली. वेंगुर्ला बंदरातून बेळगावला जाणारी व्यापारी वाट हाच घाट चढायची. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे. रुपयावर सराफ बट्टा कापत, पण रुपया वरही चाले. तांबं मात्र जड आणि मोलाला थोडं. ते बैलाच्या पाठीवर लादून न्यायचं कुणासाठी? सुटे पैसे बहुधा त्या-त्या बाजारातच फिरत राहायचे.

*

खाली गोव्यात पोर्तुगीज अल्बुकर्कनं १५१० सालीच टांकसाळ घातली. पुढे तिथल्या बाजारात बझारुको चाले, तांब्याचा नि कथलाचाही. वर देशावर शिवराई.

*

शिवराई : एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. जुनी नाणी साधारण ११ ते १३ ग्रॅमची. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं कापली जात. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ अशी सगळी रूपं सापडतात. ठसे कोरणारे अनेक, टांकसाळी अनेक, पेशवाईत तर परवान्यावर चालणाऱ्या खाजगीसुद्धा. रुपयाला किती शिवराया, तो भावही बाजारागणिक निराळा. मला झिजलेलीच शिवराई जास्त आवडते. ती भाजी-मिठासाठी खरोखर वापरलेली असते.

*

प्राचीन ग्रीसमध्येही सुट्या पैशांचं असंच. अथेन्सचा चांदीचा ओबोल पाऊण ग्रॅमहूनही हलका. हरवू नये म्हणून लोक तो गालात धरत. पुढे ब्राँझची नाणी रुळली, आठ खाल्कूसचा एक ओबोल. ती बहुतेक आपल्याच नगरात चालत. अथेन्सच्या अगोरातल्या, म्हणजे बाजारचौकातल्या, उत्खननात सर्वाधिक निघाली तीही ब्राँझचीच. पडलेली चांदी माणूस वाकून शोधतो.

*

त्याच अथेन्समधल्या अरिस्टोफेनीसच्या एका नाटकातला माणूस द्राक्षं विकतो, तोंडभर तांब्याची नाणी घेऊन पीठ आणायला जातो. तेवढ्यात दवंडी पिटली जाते, तांबं बंद! फार वाईट वाटतं त्याच्यासाठी. आपल्याकडे उलट झालं. १८३५ नंतर ईस्ट इंडिया कंपनीचा एकसारखा पाव आणा आला, तरी खेड्यांच्या बाजारात शिवराई कितीतरी वर्षं चालली. घेणारा घेत होता, म्हणून.

*

जुन्या नाण्यांच्या बाजारात वजन सांगतात, किंमत सांगतात. नाणं कुठं सापडलं ते क्वचितच. आंबोली, चौकुळ, आजरा या पट्ट्यात परड्यात, शेतात निघालेलं प्रत्येक तांब्याचं नाणं गावाच्या नावासकट नोंदवायला हवं. शिवराई किती खाली उतरली आणि बझारुको किती वर चढला, हे त्यावरूनच कळेल.