आठवत नाहीं

सरकारी चौकश्यांचे अहवाल वाचण्याचा छंद फारशा लोकांस असेल असें मला वाटत नाहीं. पण मला तो आहे. सेवानिवृत्तीनंतर कोणी बागेंत रमतो, कोणी ज्ञानेश्वरीचें पारायण आरंभितो. मी मात्र एखाद्या धरणाच्या भिंतीस तडा कां गेला, एखाद्या पेढीचें दिवाळें कसें वाजलें, असल्या चौकश्यांचीं बाडें घेऊन आरामखुर्चींत पडतों. घरांतील माणसें हंसतात, हंसोत बापडीं! अडचणींत सांपडलेला माणूस कोणत्या शब्दांचा आश्रय घेतो हें पाहावयाचें असेल, तर कादंबरीपेक्षां जबानी वाचावी. आणि इतक्या वर्षांच्या वाचनानंतर माझें असें मत झालें आहे कीं, चौकशीच्या खोलींत सर्वांत अधिक वेळां उच्चारलें जाणारें वाक्य ‘मीं तें केलें नाहीं’ हें नसून ‘मला आठवत नाहीं’ हें असतें.

या वाक्याची आणि माझी जितकी गांठ एका अमेरिकन चौकशींत पडली तितकी दुसरीकडे कोठें पडली नसेल. २२ डिसेंबर २०२२ रोजीं तेथील प्रतिनिधिगृहाच्या खास समितीनें आपला ८४५ पृष्ठांचा अहवाल प्रसिद्ध केला. ३ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकींत डोनाल्ड ट्रम्प हे जो बायडेन यांच्याकडून ३०६ विरुद्ध २३२ अशा निर्वाचक मतांनीं पराभूत झाले. तो निकाल फिरविण्याचा प्रयत्न त्यांनीं केला काय, आणि ६ जानेवारी २०२१ रोजीं निकालावर शेवटची मोहोर उठत असतांना जमावानें कॅपिटॉलवर जी चाल केली तींत त्यांचा हात कितपत होता, हा चौकशीचा विषय. समितीचे सभासद नऊ. अध्यक्ष बेनी थॉम्पसन आणि उपाध्यक्षा लिझ चेनी. चेनीबाई व ॲडम किंझिंगर हीं दोघें ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचीं. त्या पक्षाच्या पुढाऱ्यानें सुचविलेल्या पांचांपैकीं दोघांस सभापति नॅन्सी पेलोसी यांनीं नाकारलें, तेव्हां त्यानें रागानें पांचही नांवें परत घेतलीं. परिणामीं उलटतपासणी करणारें असें कोणी उरलें नाहीं, आणि हा त्या कामांतील दोष मला लहानसहान वाटत नाहीं. मात्र ज्या साक्षींवर अहवाल उभा आहे त्या बहुतेक ट्रम्प यांच्याच घरच्या माणसांच्या आहेत, हेंही तितकेंच खरें.

एक हजारांहून अधिक साक्षीदार तपासले गेले. इतकीं माणसें कशाला, असें प्रथम मला वाटलें. परंतु मोठ्या पुढाऱ्याचा हात शोधावयाचा म्हणजे हीच अडचण असते. त्याचा हात कागदावर उमटत नाहीं. तो दुसऱ्याच्या हातांतून शोधावा लागतो. तो आज्ञा करीत नाहीं, इच्छा दर्शवितो. जॉर्जिया संस्थानचें उदाहरण घ्या. तेथें सुमारें ५० लाख मतें पडलीं, तीं तीनदां मोजलीं गेलीं, त्यांतून एकदां तर एकूण एक मत हातानें. आणि बायडेन ११,७७९ मतांनीं पुढें राहिले. २ जानेवारी २०२१ रोजीं ट्रम्प यांनीं तेथील निवडणूक-प्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांच्याशीं टेलिफोनवर तासभर संभाषण केलें व आपणांस केवळ ११,७८० मतें शोधावयाचीं आहेत असें सांगितलें. पडलेल्या अंतरापेक्षां बरोबर एक अधिक! रॅफेन्सपर्गर हे त्यांच्याच पक्षाचे, त्यांनाच मत दिलेले. त्यांनीं आपले आंकडे बरोबर आहेत असें नम्रपणें उत्तर दिलें. आणि त्यांच्या कचेरींतील मंडळींनीं तें सारें संभाषण ध्वनिमुद्रित करून ठेविलें.

येथें माझें वाचन थांबलें. त्या आंकड्यानें मला चाळीस वर्षें मागें नेलें.

१९८१ सालीं मी एका लहानशा गांवीं शाळामास्तर होतों, आणि तेथील एका सहकारी संस्थेच्या निवडणुकींत मतमोजणीच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. संस्थेच्या अध्यक्षांना सारा गांव तात्या म्हणे. माझ्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वेळीं, भर पावसांत, मध्यरात्रीं आपली जीप काढून माझ्या पत्नीस तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविणारे तेच. मोजणी शेवटास आली तेव्हां तात्या सात मतांनीं मागें होते, आणि संशयित मतपत्रिकांचा एक गठ्ठा निवडून अधिकाऱ्यापुढें मांडण्याचें काम माझ्याकडे होतें. इतक्यांत चहाची किटली घेऊन आलेल्या पोऱ्यानें सांगितलें, “मास्तर, तात्या बोलावत्यात.” शाळेच्या मागल्या ओसरीवर तात्या उभे होते. पोऱ्या किटली घेऊन तेथेंच घुटमळत राहिला.

“मास्तर,” तात्या म्हणाले, “रेघेवर शिक्का पडलेल्या पत्रिका बऱ्याच आहेत म्हणे. म्हातारी माणसं, हात कांपतात त्यांचे. त्यांचा कौल फुकट जाऊं नये, एवढंच माझं म्हणणं. बाकी तुम्ही जाणते आहांत.”

या वाक्यांत बोट ठेवावयास कोठें जागा आहे काय? मीं नंतर तें शेंकडों वेळां मनांत घोळून पाहिलें आहे. एकेक शब्द साळसूद. दोष शोधावयाचा तर तो शब्दांत नव्हे, मोजणी चालू असतां मोजणाऱ्यास ओसरीवर बोलावण्यांत शोधावा लागतो. मीं मान हलविली, परत जाऊन बसलों, आणि पत्रिका जशा होत्या तशा अधिकाऱ्यापुढें ठेविल्या. तात्या सात मतांनींच पडले. येथपर्यंतच्या गोष्टीचा मला अभिमानही वाटत असे.

पुन्हां अहवालाकडे वळतों. २७ डिसेंबर २०२० रोजीं ट्रम्प यांनीं न्याय-खात्याच्या प्रमुख अधिकाऱ्यांस टेलिफोन केला. त्याआधींच, १ डिसेंबर रोजीं, त्यांच्याच महाधिवक्त्यानें, विल्यम बार यांनीं, निकाल बदलेल एवढी लबाडी कोठें आढळली नाहीं असें जाहीर केलें होतें. न्यायालयांत साठांहून अधिक दावे गेले होते व एक किरकोळ अपवाद सोडतां सारे फसले होते. तरीही टेलिफोनवर त्यांचें म्हणणें असें कीं, तुम्ही केवळ निवडणूक भ्रष्ट होती एवढें म्हणा, बाकीचें मी आणि माझे पक्षबंधु पाहून घेऊं. हें आज आपणांस कसें कळतें? रिचर्ड डोनह्यू नांवाचा अधिकारी कानाला टेलिफोन लावून समोरच्या कागदावर टिपणें करीत होता म्हणून! अध्यक्षांचे काम संपल्यावर कागद फाडण्याची संवय ट्रम्प यांस होती. राष्ट्रीय दफ्तरखान्याकडे आलेल्या कागदांत कांहीं चिकटपट्ट्या लावून जोडलेले होते, कांहीं तसेच तुकड्यांच्या रूपानें आले होते. कोणी एक कारकून टेबलाशीं बसून राष्ट्राच्या इतिहासाचे तुकडे जुळवीत आहे, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. ६ जानेवारीच्या टेलिफोनांच्या अधिकृत नोंदींत तर सकाळीं ११ वाजून १७ मिनिटांपासून सायंकाळीं ६ वाजून ५४ मिनिटांपर्यंत एकही नोंद नाहीं. त्या दिवशीं भाषण संपल्यापासून जमावास घरीं जाण्यास सांगणारा संदेश निघेपर्यंत १८७ मिनिटें गेलीं. तेवढा वेळ अध्यक्ष मुख्यतः भोजनगृहांत दूरचित्रवाणीपुढें बसले होते, असें साक्षीदार सांगतात. उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यांत धैर्य नव्हतें असा संदेश मात्र २ वाजून २४ मिनिटांनीं निघाला, आणि तेव्हां जमाव कॅपिटॉलच्या आंत शिरलेला होता. मतांची मोहोर अखेर उठली ती दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेतीन वाजून गेल्यावर.

जेथें कागद फाटलेला आणि नोंद कोरी, तेथें माणसांच्या आठवणीवांचून दुसरा आधार कोणता? आणि येथेंच तें वाक्य येतें. कोणास संभाषण आठवत नाहीं, कोणास खोलींत कोण होतें तें आठवत नाहीं. मायकेल फ्लिन या निवृत्त सेनापतीस, सत्तेचें हस्तांतर शांततेनें व्हावें असें आपणांस वाटतें काय, एवढें विचारलें. त्यानें उत्तर न देण्याच्या घटनात्मक हक्काचा आश्रय घेतला. तो हक्क खराच आहे, त्याबद्दल वाद नाहीं. परंतु सेनापति त्या प्रश्नाला भ्याला हें वाचून मी क्षणभर पुस्तक मिटलें.

कॅसिडी हचिन्सन या तरुणीची जबानी मात्र मीं तीनदां वाचली. ती अध्यक्षांच्या मुख्य कार्यवाहाची साहाय्यक, वय पंचवीस. तिचा पहिला वकील ट्रम्प यांच्या गोटांतून मिळालेला. ‘आठवत नाहीं’ हें उत्तर चालण्यासारखें आहे, असा सल्ला त्यानें दिला असें ती पुढें म्हणाली. त्या वकिलानें आपलें वर्तन सचोटीचेंच होतें असें सांगितलें आहे. पहिल्या जबानींत तिनें आठवत असलेलें आठवत नाहीं म्हणून सांगितलें, आणि बाहेर आल्यावर तिला चैन पडेना. ती न्यू जर्सींत आईबापांच्या घरीं गेली आणि निक्सनच्या काळीं सत्य सांगणाऱ्या अलेक्झांडर बटरफील्डविषयींचें पुस्तक मागवून तिनें तें पुनःपुन्हां वाचलें. मग वकील बदलला, आणि २८ जून २०२२ रोजीं सर्व जगासमक्ष बोलली. जमावांत शस्त्रें आहेत हें कानांवर आलें असतांही, हे लोक मला इजा करावयास आलेले नाहींत, शस्त्रें तपासण्याचीं यंत्रें काढा, अशा आशयाचें अध्यक्षांचें बोलणें आपण ऐकलें, असें तिनें सांगितलें. मोटारींतील झटापटीची जी गोष्ट तिनें सांगितली ती मात्र ऐकीव होती, व गाडी हांकणाऱ्या अधिकाऱ्याच्या जबानीनें तिला दुजोरा दिला नाहीं. तिच्या टीकाकारांनीं तेवढ्या एका गोष्टीवर सारा भर दिला; मला मात्र ती परत आली हेंच फार मोठें वाटतें.

कारण मी परत गेलों नाहीं.

तात्या पडल्यावर दोन महिन्यांनीं विरुद्ध बाजूनें तक्रारअर्ज केला कीं, मोजणीच्या वेळीं कर्मचाऱ्यांवर दडपण आणलें गेलें. चौकशी अधिकारी आला. चहाच्या पोऱ्यानें जें ऐकलें होतें तें त्यास सरळ सांगितलें, आणि पुढें म्हणाला, “खोटं वाटत असंल तर मास्तरांना इचारा.” मला विचारण्यांत आलें. मीं चष्मा पुसला आणि म्हणालों, “तसें कांहीं आठवत नाहीं, साहेब.” लेखनिकानें तें लिहून घेतलें, मीं खालीं सही केली. तात्या निर्दोष ठरले व पुढच्या खेपेस बिनविरोध निवडून आले. संस्थेंतून त्या पोराचें काम गेलें. पुढें तो मुंबईस गेला असें ऐकलें.

जॉर्जियांतील त्या आईलेकींचा वृत्तांत वाचतांना मला तो पोर सारखा दिसत होता. त्या दोघी अटलांटा शहरांत मतें मोजण्याच्या कामावर होत्या. आईनें लेकीच्या हातांत कांहींतरी दिलें, तें चित्रफितींत दिसलें. ट्रम्प यांचे वकील रूडी ज्युलियानी यांनीं तें मतें पळविण्याचें यंत्र असल्याचें सांगितलें. ती आल्याची गोळी होती! त्या टेलिफोनवरील तासाभरांत ट्रम्प यांनीं आईचें नांव अठरा वेळां घेतलें. धमक्यांच्या भयानें तिला घर सोडून दोन महिने बाहेर राहावें लागलें. पुढें, डिसेंबर २०२३ मध्यें, ज्यूरीनें ज्युलियानींवर १४ कोटि ८० लक्ष डॉलरांची भरपाई बसविली, एवढें समाधान. पण त्यांच्या बाजूनें बोलणारे लोक होते. साहेबांपुढें चष्मा पुसणारा मास्तर नव्हता.

“अहो, पण त्या चौकशीचें झालें काय?” असें माझे एक मित्र मला विचारतात. ते प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडणारे गृहस्थ. झालें तें असें: खास अभियोक्ते जॅक स्मिथ यांच्या तपासावरून १ ऑगस्ट २०२३ रोजीं ट्रम्प यांच्यावर चार आरोप ठेवण्यांत आले. त्यांनीं ते नाकारले. १ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं अध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांस मोठें संरक्षण दिलें. नोव्हेंबरांत ट्रम्प पुन्हां निवडून आले. पदस्थ अध्यक्षावर खटला चालवावयाचा नाहीं या न्याय-खात्याच्या शिरस्त्यानें त्याच महिन्यांत खटला काढून घेण्यांत आला. जानेवारी २०२५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालांत स्मिथ यांनीं, दोषसिद्धीस पुरेसा पुरावा होता असें लिहिलें. त्याच महिन्याच्या २० तारखेस ट्रम्प यांनीं कॅपिटॉलच्या हल्ल्यांतील सुमारें पंधराशें आरोपींना माफी अथवा शिक्षेंत सूट दिली. जॉर्जियांतला खटलाही नोव्हेंबर २०२५ मध्यें बंद झाला. चेनीबाई तर २०२२ च्या ऑगस्टांतच पक्षांतर्गत निवडणुकींत पडल्या होत्या. म्हणजे खर्चाच्या बाजूस पुष्कळ, असें माझे मित्र म्हणतात. मी वाद घालीत नाहीं. टिपणें मात्र जागच्या जागीं आहेत.

गेल्या आठवड्यांत माळ्यावरची जुनी ट्रंक उतरवून मीं १९८१ ची रोजनिशी काढली. त्या काळीं मी रोजनिशी फार नेमानें लिहीत असें. भाजीचा भावही सोडीत नसें. ओसरीवरचे तात्यांचे शब्द मीं त्या रात्रीं कोठें तरी उतरून ठेविले असतील, अशी वेडी आशा होती. मोजणीच्या दिवसाच्या पानावर वळणदार अक्षरांत इतकेंच आहे: ‘मोजणी. रात्रीं अकरा वाजले. पाऊस. चहा तीन वेळां.’