वर्ध्याची पोरं आणि थिंफूची बुखारी

मैत्रिणींनो, आपल्या वर्ध्याच्या मुलांना थंडी समजावून सांगायची तरी कशी? नवतपा, कुलर आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा हे त्यांना जन्मापासून ठाऊक. स्वेटर म्हणजे डिसेंबरात सकाळच्या शाळेला घालायचा आणि दुपारी वर्गात विसरून यायचा! म्हणूनच धाकट्या दिरांनी दिवाळीच्या सुटीत भूतानला बोलावले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. थोरली नऊ वर्षांची, ती निभावेल. पण धाकटा जेमतेम पाचाचा, दोन शिंका आल्या की अंथरूण धरणारा. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून मी दोनदा टाळले. शेवटी निघालो.

दीर 'दंतक'मध्ये आहेत. आपल्या सीमा सडक संघटनेचा हा प्रकल्प १९६१ पासून भूतानात रस्ते बांधतो आहे. वर्ध्याहून हावडा, मग उत्तर बंगालच्या गाडीने हासीमारा आणि तिथून जयगाव. जयगावात एक वेस आहे. वेशीपलीकडे फुंटशोलिंग, म्हणजे परदेश! कागदपत्रे मात्र नीट न्या. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, मुलांना पासपोर्ट किंवा जन्मदाखला. आधार कार्ड चालत नाही. २०२२ पासून भारतीय पर्यटकाला दर रात्रीचे १२०० रुपये शुल्कही आहे; सहा ते बारा वयाला निम्मे, त्याहून लहानांना माफ.

पुढे थिंफूपर्यंत पाच-सहा तासांचा घाट. मुलांना भरपेट खाऊ घालू नका. साधा मुरमुरा, लिंबू आणि पिशव्या हाताशी ठेवा. 'कधी येणार गं?' ही थोरलीची रड सुरू झाली तेव्हा दीर म्हणाले, "अगं, १९५८ साली पंडित नेहरू आले तेव्हा इथे मोटारीचा रस्ताच नव्हता. डोंगर ओलांडत घोड्यावरून आले ते!" मग जरा गप्प बसली.

आपले वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर थिंफू २३०० मीटरच्याही वर. पहिला दिवस मुलांना पळू देऊ नका. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घाला. ऊन पडले की एकेक उतरवता येतो. कानटोपी आणि कोरडे मोजे मात्र हवेतच. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरातही मुलांची शाळाच भरली. खोबरेल तेल दिवसभर थिजलेले. पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळते, म्हणून कुकरशिवाय तुरीची डाळ शिजता शिजत नाही. खोलीत लोखंडी बुखारी, म्हणजे धुराडे असलेली लाकडाची शेगडी. तिच्याभोवतीच घर बसते. पण रात्री ती विझवून निजावे आणि पेटती असताना खिडकी बोटभर उघडी ठेवावी, हा जाऊबाईंचा कडक नियम.

तिथे मिरची हा मसाला नव्हे, भाजी! मिरची आणि चीज यांचे 'एमा दात्शी'. सावजी रस्सा पचवल्याची फुशारकी मारणारे आमचे हे पहिल्याच घासाला डोळे पुसू लागले. मुलांसाठी बटाट्याचे 'केवा दात्शी' मिरची न घालता करून मिळते. लाल तांदळाच्या भातासोबत त्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले.

खरी परीक्षा झाली ती बाजारात. तिथले पुरुष 'घो' घालतात, गुडघ्यापर्यंतचा, कमरेला पट्ट्याने बांधलेला पोशाख. एक वृद्ध गृहस्थ समोरून आले आणि आमचे चिरंजीव बोट दाखवून मोठ्याने हसले, "आई, ते बघ! आजोबांनी फ्रॉक घातला!" 'फ्रॉक' शब्द कोणाला कळत नाही? मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सर्दीची काळजी करत मी औषधांची पिशवी भरून आणली होती. पण परक्याच्या घरी कसे पाहावे, हे मात्र शिकवून आणले नव्हते.

रात्री बुखारीजवळ त्याला विचारले, "सेवाग्रामला बापूंची कुटी पाहिलीस ना? ते बापू १९३१ साली विलायतेला गेले, तिथल्या थंडीत, पंचा नेसून आणि शाल पांघरून. तिथल्या मुलांनी बोट दाखवून हसावे का?" तो बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही. बापू आपले आहेत."

"मग ते आजोबा कोणाचे?"

दुसऱ्या दिवशी ते आजोबा पुन्हा भेटले. मुलाने स्वतःहून हात जोडले आणि काकूने शिकवलेले 'कुझुझांगपो ला' म्हटले. आजोबांनी घोच्या छातीवरच्या खोळीत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढली: मोबाइल, जपमाळ, आणि शेवटी एक सफरचंद! त्या खोळीपुढे शाळेचे दप्तर फिके. "आई, मलाही घो हवा," हे मग परतेपर्यंत चालू होते.

मुलांना जरूर न्या, मैत्रिणींनो. शिंकांचे काही वाटून घेऊ नका. दोन आल्या आणि गेल्या. मात्र निघण्यापूर्वी स्वेटरांबरोबर तिथला नमस्कारही मुलांच्या तोंडी बसवा. आमच्याकडे आता दूधवाल्यालासुद्धा रोज सकाळी 'कुझुझांगपो ला' ऐकावे लागते!