निवेदन : अभ्यासक्रमाबाहेरचा गद्यप्रकार

एकोणिसाव्या शतकातील गद्य शिकवताना आम्ही दरवर्षी फळ्यावर गद्यप्रकारांची यादी लिहितो. निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, वृत्तपत्रीय लेखन, कादंबरी. त्या यादीत 'निवेदन' कधी नसते. निवेदन किंवा अर्ज हे कारकुनी लेखन आहे आणि त्याचा साहित्याशी काही संबंध नाही, अशी आमची समजूत बार्शीत प्राध्यापकी करताना पक्की होत गेली होती.

वस्तुतः त्या शतकातील कर्त्या माणसांनी पुष्कळशी शक्ती याच प्रकारात खर्च केली. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे आधी कागदावर यायचे. याच सभेने 1875 साली थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि तेथे हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मागितले. महात्मा फुले यांनी 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेले निवेदन तर सर्वांना ठाऊक आहे. ते इंग्रजीत असल्यामुळे मराठी गद्याच्या पेपरात बसत नाही. तरीही आम्ही ते वर्गात घेतो. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणी सर्वांच्या लक्षात राहते. आमच्या लक्षात राहिले ते दुसरेच. शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात तो पंधरा-वीस असावा, असे फुले लिहितात. मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे अशी अभ्यासक्रमाची यादीही देतात. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांच्यापुढे हा माणूस नुसता आक्रोश घेऊन जात नाही. तो आकडा घेऊन जातो.

2025 च्या जानेवारीत हे शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही असं कधी काही पाठवलंय का?" प्रश्नात खोच नव्हती, केवळ कुतूहल होते. उत्तर 'नाही' असे होते. वीस वर्षे आम्ही निवेदने शिकवत होतो आणि स्वतः एकही लिहिले नव्हते.

त्याच दिवसांत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे होते. ते प्रथम जुलै 2024 मध्ये विधानसभेत मांडले गेले. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा मांडून समितीकडे सोपवण्यात आले आणि समितीने नागरिकांकडून सूचना व हरकती मागवल्या. शहरी भागात पसरणाऱ्या नक्षलवादाला आळा घालणे हा विधेयकाचा हेतू असल्याचे सरकारने सांगितले होते, आणि छत्तीसगडसारख्या राज्यांत असे कायदे आधीपासून असल्याचा दाखलाही दिला होता. हेतूविषयी मत देण्याचा आमचा अधिकार इतर कोणाही नागरिकाइतकाच. शब्दांविषयी मात्र आम्हांला थोडे अधिक कळते, निदान कळायला हवे. म्हणून विधेयकाची प्रत काढून आम्ही विभागात वाचायला बसलो. आम्ही दोघे कायम नोकरीतले आणि तिसरे तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण सहकारी.

कायद्याची मराठी वाचणे हा स्वतंत्र अनुभव आहे. खंड, पोटखंड, परंतुक अशा पायऱ्यांवरून वाक्य उतरत जाते, आणि क्रियापदापर्यंत पोहोचताना कर्ता हरवतो. 'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येपाशी आमचे तरुण सहकारी थांबले. त्या व्याख्येत केवळ कृती नव्हती. बोललेला वा लिहिलेला शब्द, खूण आणि दृश्य रूप यांचाही तीत समावेश होता. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा उपदेश करणे हाही तिचा भाग होता. एखाद्या कृतीचा 'कल' सार्वजनिक सुव्यवस्थेत ढवळाढवळ करण्याकडे असणे, एवढेही पुरेसे होते. ते म्हणाले, "कल कुणी मोजायचा? कवितेचा कल सांगा म्हटलं तर आपण तिघं तीन उत्तरं देऊ."

आमचा पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात संविधान होते, संतपरंपरा होती, लोकशाहीचे भवितव्य होते आणि विशेषणे तर पानोपानी होती. दुसऱ्या दिवशी वाचताना ध्यानात आले की या चार पानांत फुल्यांचे 'बारा रुपये' कोठेच नाहीत. समितीवरच्या सदस्याने हे वाचून नेमके काय करावे, हे त्यातून कळत नव्हते. तो वर्तमानपत्राचा अग्रलेख झाला होता, निवेदन नव्हे.

मग आम्ही एका पानाचा मजकूर केला. त्यात दोनच मुद्दे ठेवले. 'कल' दर्शवणारे शब्द काढून तेथे प्रत्यक्ष हिंसा किंवा हिंसेची चिथावणी असे लिहावे, हा पहिला. कायद्याच्या अवज्ञेच्या वाक्याला शांततामय आंदोलनाचा स्पष्ट अपवाद जोडावा, हा दुसरा. दुसऱ्या मुद्द्यासाठी उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले होते. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्या वर्षीची चळवळ कायदेभंगाचीच होती. तिच्याविषयी वर्गात आदराने बोलणे म्हणजे अवज्ञेचा उपदेश ठरतो का, एवढे आम्ही विचारले.

सह्यांची वेळ आली तेव्हा तरुण सहकारी म्हणाले, "मॅडम, माझं नाव नको. दर वर्षी नव्यानं नेमणूक होते." ज्याने नेमका शब्द शोधला त्याचेच नाव कागदावर राहिले नाही. आम्ही आग्रह केला नाही. करण्याचा अधिकारही नव्हता. आमच्या सह्यांमागे कायम नोकरीची भिंत होती. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाकीट बंद करण्यापूर्वी आम्हीही एक वाक्य खोडले. ते चुकीचे होते म्हणून नव्हे, जरा तिखट होते म्हणून. कायदा अजून झालेला नव्हता. त्याच्या व्याख्येतला 'कल' मात्र आमच्या लेखणीला आधीच लागू झाला होता.

समितीकडे साडेबारा हजारांहून अधिक सूचना आल्या. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विधेयक मंजूर झाले. समितीच्या शिफारशींवरून काही बदल झाले होते. विधेयकाच्या उद्देशात कडव्या डाव्या विचारसरणीच्या व तत्सम संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. आम्ही बोट ठेवलेले व्याख्येतले शब्द जागच्या जागी राहिले.

'मग काय उपयोग झाला?' असे आम्हांला अनेकांनी विचारले. उपयोग थोडा झाला आणि तो आमच्या पत्राचा झाला असे म्हणता येत नाही. परंतु मधल्या काळात विधेयक जसे होते तसे राहिले नाही, आणि ज्या साडेबारा हजार कागदांपुढे ते बदलले त्यांत आमचा एक होता. मतदानाच्या दिवशी एका मताचा उपयोग याहून अधिक दिसतो काय?

ज्या प्रसंगाची खरी टोचणी आहे तो यानंतरचा आहे. 16 डिसेंबर 2025 रोजी ग्रामीण रोजगार हमीचा 2005 चा केंद्रीय कायदा बदलून त्याजागी नवा कायदा आणणारे विधेयक लोकसभेत मांडले गेले. 18 तारखेला लोकसभेने आणि त्याच मध्यरात्रीनंतर राज्यसभेने ते मंजूर केले. समिती नाही, सूचना मागवणे नाही. नव्या कायद्यात शंभरऐवजी एकशे पंचवीस दिवसांच्या कामाची ग्वाही आहे. बहुतेक राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला आहे, आणि शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे.

ही हमी मुळात महाराष्ट्राची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना लिहिलेल्या एका पत्रातून तिची कल्पना पुढे आली आणि तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती गावोगाव पोहोचली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. आमच्यापैकी एकाच्या आईवडिलांनी त्या दुष्काळात खडी फोडली आहे. सुकडीची चव आमच्या घरात अजून गोष्टींतून येते. आणि आमचे 'बारा रुपये' तर दरमहा पगारपत्रकावरच छापलेले असतात. व्यवसाय कर दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा कर 1975 मध्ये राज्याने रोजगार हमीच्या खर्चासाठी बसवला. ज्या हमीसाठी आम्ही नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून पैसे भरत आलो, तिचा केंद्रीय कायदा तीन दिवसांत बदलला आणि आम्ही एक ओळ लिहिली नाही. 'कल' या शब्दासाठी आम्ही आठवडा खर्च केला होता. तो शब्द आमच्या वर्गाला लागणारा होता आणि हा कायदा आमच्या विद्यार्थ्यांच्या आयांना लागणारा होता, हे त्यामागचे कारण असावे असे आम्हांला वाटते, आणि ते लिहिताना बरे वाटत नाही.

वेळ नव्हता ही सबब आहे. विधेयक मांडले जाते तेव्हा ते सार्वजनिक होते आणि लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला समितीच्या जाहिरातीची गरज नसते. बार्शीकराला फक्त आपले प्रतिनिधी कोण हे नीट ठाऊक हवे, कारण आपला तालुका सोलापूर जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो धाराशिव मतदारसंघात आहे. केंद्राच्या विधेयकाविषयी सोलापूरच्या खासदारांना पत्र धाडले, तर ते चुकीच्या दारी जाते. राज्याच्या विधेयकासाठी बार्शीचे आमदार आहेतच. शिवाय पदवीधर म्हणून नाव नोंदवलेल्यांना पुणे पदवीधर मतदारसंघाचे आणि शिक्षकांना पुणे शिक्षक मतदारसंघाचे विधान परिषद सदस्य आहेत. आम्हा प्राध्यापकांना राज्याच्या कायद्यासाठी तीन दारे उघडी असताना आम्ही एकही ठोठावत नाही.

पत्र कसे लिहावे, हे आम्हांला आता थोडे कळते. विधेयकाचे नाव आणि खंड लिहावा. आपण कोण व कोणत्या गावचे हे सांगावे. एकच मागणी करावी, शक्य तर बदलाचे शब्द स्वतःच सुचवावेत आणि उदाहरण आपल्या अंगणातले द्यावे. वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संसदीय समितीकडे 97 लाखांहून अधिक निवेदने गेली. एवढ्या राशीत दुसऱ्याच्या साच्यातले पत्र केवळ मोजले जाते. वाचले जाण्याची शक्यता असते ती ज्यात गावाची माती आहे अशा पत्राची.

आणि कायदा झाल्यावरही दारे बंद होत नाहीत. रोजगाराच्या नव्या कायद्यानुसार हंगामाचे साठ दिवस राज्याने ठरवायचे आहेत आणि ते भागाप्रमाणे वेगवेगळे ठेवता येतात. कोकणातल्या भाताचा हंगाम आणि बार्शीच्या रब्बी ज्वारीचा हंगाम एक नाही. ज्वारी काढून झाल्यावर, पाण्याची ओढ सुरू होते तेव्हा येथे काम लागते. हे मंत्रालयात बसून कोणाला कसे कळावे? आम्ही आमदारांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात एवढेच लिहिले. ते लिहिण्यापूर्वी या खेपेला आम्ही दोन विद्यार्थिनींच्या आयांना विचारले. कामाची निकड कोणत्या महिन्यात असते, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. दीडशे वर्षांपूर्वीचे मुखत्यारपत्र म्हणजे काय असेल, याची थोडी कल्पना तेव्हा आली.

डिसेंबर 2025 मध्येच विकसित भारत शिक्षा अधिष्ठान विधेयक लोकसभेत मांडले जाऊन संयुक्त समितीकडे गेले. विद्यापीठ अनुदान आयोग, तंत्रशिक्षण परिषद आणि अध्यापक शिक्षण परिषद या तिन्हींच्या जागी एकच रचना आणणारे हे विधेयक आहे. त्यावरचे आमचे पत्र तरुण सहकाऱ्यांनी लिहिले आहे. एक पान, एकच मागणी : तासिका तत्त्वावरील अध्यापकांची संख्या प्रत्येक महाविद्यालयाने दर वर्षी जाहीर करणे नव्या रचनेत बंधनकारक असावे. वाचून आम्हांला आमच्या चार पानांच्या मसुद्याची लाज वाटली.

खाली तीन सह्यांची जागा ठेवली आहे. दोन झाल्या आहेत. तिसऱ्या जागेविषयी त्यांनी अजून ठरवलेले नाही आणि आम्ही विचारलेले नाही. ज्यांना असा विचार करावा लागत नाही, त्या आम्हां-तुम्हांला मात्र न लिहिण्याचे कोणतेही कारण उरत नाही.