चार घरांचा तक्ता

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मानवी आनुवंशिकीच्या तासाला तिने वहीत चार घरांचा तक्ता काढला. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील, तर अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मध्य प्रदेशातील तिच्या घरी या आकड्याचा अर्थ निराळाच लावला गेला होता : चार मुलांत एक आजारी, थोरला आजारी निघाला, म्हणजे पुढची सुखरूप. धाकटाही तोच आजार घेऊन जन्मला. प्रत्येक गर्भधारणेत शक्यता पुन्हा तेवढीच असते, हे आईला कोणी समजावून सांगितले नव्हते.

बीटा ग्लोबिन जनुकातील एकाच अक्षराचा बदल या साऱ्या वेदनेच्या मुळाशी आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तिच्या स्वतःच्या अहवालावर ‘वाहक’ असा शेरा आहे. ती निरोगी आहे. मात्र विवाहापूर्वी जोडीदाराचीही तपासणी व्हावी, हे ती जाणते. पुढे आनुवंशिक समुपदेशनाचे काम करण्याचे तिने ठरविले आहे. त्या तक्त्याचा अर्थ तिने सर्वप्रथम आईला समजावून सांगितला. आई बराच वेळ काही बोलली नाही.