चौथा

पॅरिस ऑलिम्पिकचा विषय निघाला की लोकांना मनू भाकर, स्वप्नील कुसाळे, नीरज चोप्रा आठवतात. मलाही आठवतात. पण १ ते ७ ऑगस्ट २०२४ हा आठवडा माझ्या मनात रुतून बसलाय तो चौथ्या आलेल्यांमुळे.

नेमबाज अर्जुन बबुता २९ जुलैलाच चौथा आला होता. मग २ ऑगस्टला तिरंदाजीत धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत. ३ तारखेला तिसऱ्या पदकाच्या दारात खुद्द मनू. ५ तारखेला तर दोनदा. स्कीटमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका चीनपुढे ४३-४४ असे, एका तबकडीनं हरले. आणि बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन पहिला गेम जिंकूनही कांस्य गमावून बसला. ७ तारखेला रात्री मीराबाई चानू. तिचे एकूण १९९ किलो, थायलंडच्या मुलीचे २००. शेवटच्या प्रयत्नात मीराबाईला ११४ किलो पेलले नाहीत. एक किलो म्हणजे वाण्याकडून आणलेली साखरेची पुडी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौथ्या क्रमांकाशी माझी ओळख जुनी, शाळेतली. आम्ही कराडला राहायचो. ८ ऑगस्ट १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली. रुमानियाची कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. शतांश सेकंद म्हणजे किती, असं मी वडिलांना, अण्णांना विचारलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, एक टाळी वाजवली आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षाही कमी." मी नंतर कितीतरी वेळ एकटाच टाळ्या वाजवून बघत होतो.

त्याच आठवड्यात, १४ ऑगस्टला, गोळेश्वरचे खाशाबा जाधव अपघातात गेले. कराडात मग दुसरा विषयच नव्हता. १९५२ चं हेलसिंकी, खर्च उभा करायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी गहाण टाकलेलं घर, परतल्यावरची बैलगाड्यांची मिरवणूक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, आणि १९८४ सालीही तेच एकमेव. कांस्यच होतं ते. अण्णा म्हणाले, "उषाची छाती बोटभर पुढं असती, तर आज खाशाबांना जोडीदार मिळाली असती." उषाचं कौतुक पुढं देशभर झालं आणि ते रास्तच होतं. पण पदकविजेत्यांच्या तक्त्यात तिला जागा नव्हती, आणि माझ्या वयाच्या मुलाला ते अजिबात पटत नव्हतं. आजही पटत नाही.

तेव्हापासून निकाल वाचताना माझी नजर आधी चौथ्या नावावर जाते. १९६० च्या रोमची मिल्खासिंगांची गोष्ट अण्णांनीच सांगितलेली. २०१२ ला लंडनमध्ये नेमबाज जॉयदीप कर्माकर. २०१६ ला रिओत दीपा कर्माकर, प्रोदुनोव्हासारखी जिवावरची उडी मारून अवघ्या ०.१५ गुणांनी मागं. टोकियोत ६ ऑगस्ट २०२१ ला महिला हॉकी संघ ब्रिटनकडून ३-४ हरला, दुसऱ्या दिवशी गोल्फमध्ये अदिती अशोक. ती सकाळी चौथी आली आणि संध्याकाळी नीरजनं सुवर्ण जिंकलं. त्या आनंदात मीही नाचलो, पण रात्री घरात अदितीचं नाव काढणारं कुणी उरलं नव्हतं.

बॉक्सिंगचं मला म्हणूनच बरं वाटतं. तिथं उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, चौथा असा कुणी उरतच नाही. नेमबाजीत तसं नाही. तिथं अंतिम फेरीच्या शेवटी एकेक जण बाद होत जातो आणि बाकीचे नेम धरून उभेच असतात.

१ ऑगस्टला दुपारी मी टीव्हीपुढं हेच बघत होतो. पन्नास मीटर थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी. चौघं उरले होते. चेक प्रजासत्ताकाचा यिरी प्रिव्रात्स्की बाद झाला आणि त्याच क्षणी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या पोराचं, स्वप्नील कुसाळेचं, पदक पक्कं झालं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक! मी ओरडलो, डोळे भरून आले, अण्णांच्या फोटोपुढं पेढा ठेवला. तरी प्रिव्रात्स्कीचं नाव मात्र मनातून जाईना. त्याच्या गावातही कुणीतरी बाप आपल्या लेकाला अंतर समजावून सांगत असेल.

आणि स्वप्नीलला ही जागा आधीच माहीत होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत, याच प्रकारात, तो चौथा आला होता. पदक नाही मिळालं, पण त्याच चौथ्या क्रमांकावर भारताला पॅरिसची एक जागा मिळाली. त्याच्या कौतुकाच्या फलकांवर पॅरिस मोठ्या अक्षरांत असतं. मला त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, कैरोही हवं आहे.